विश्लेषण : जगातलं ‘सर्वांत शांत’ गाणं करणारी जोडी आणि झोपेच्या संगीताचा बाजार

रात्री झोप येत नाही म्हणून फोनवर ‘स्लीप म्युझिक’ असं शोधलं, की पहिल्या काही निकालांमध्ये ‘वेटलेस’ हे नाव हमखास भेटतं. सोबत दावाही असतो : जगातलं सर्वांत शांत करणारं गाणं, चिंता ६५ टक्क्यांनी कमी करणारं. अनेक जण ते लावतात, फोन उशाशी ठेवतात आणि झोपी जातात. गाणं कुणाचं आहे, हे पाहण्याइतकं जागं राहायची वेळ फार थोड्यांवर येते.

हे गाणं आहे ‘मार्कोनी युनियन’ या ब्रिटिश समूहाचं. मँचेस्टरच्या दोन संगीतकारांनी सुरू केलेल्या या समूहाला २०११ साली एका गाण्याने जगभर पोहोचवलं. पण त्याच गाण्याने त्यांचं नाव झाकूनही टाकलं. आज स्ट्रीमिंग कंपन्या, टोपणनावांनी काम करणारे संगीतकार आणि एआय यांच्यात ‘झोपेच्या संगीता’वरून जी ओढाताण चालली आहे, तिची सुरुवात समजून घ्यायची तर या जोडीची कारकीर्द पाहावी लागते.

मार्कोनी युनियन म्हणजे कोण?

रिचर्ड टॅलबट आणि जेमी क्रॉसली या दोघांनी २००० च्या दशकाच्या सुरुवातीला मँचेस्टरमध्ये हा समूह सुरू केला. त्यांचा पहिला अल्बम ‘अंडर वायर्स अँड सर्चलाइट्स’ २००३ मध्ये ‘ओकर रेकॉर्ड्स’ या छोट्या ब्रिटिश कंपनीकडून आला. नाव-गाव फारसं कुणाला माहीत नसलेल्या या जोडीचं काम जाणकारांच्या कानावर गेलं आणि पुढचा अल्बम ‘डिस्टन्स’ थेट ‘ऑल सेंट्स रेकॉर्ड्स’कडून निघाला. अँबियंट संगीताच्या जगात हे नाव वजनदार आहे. ब्रायन ईनो, हॅरॉल्ड बड, जॉन हॅसल अशा दिग्गजांचं काम याच कंपनीने प्रसिद्ध केलं होतं.

त्यानंतर २००८ मध्ये ‘अ लॉस्ट कनेक्शन’ हा अल्बम त्यांनी डाउनलोडच्या रूपात आणला, तर २००९ मध्ये ‘टोकियो’ आला. ‘जस्ट म्युझिक’ या ब्रिटिश कंपनीशी त्यांचं नातं जुळलं. पुढे कीबोर्डवादक डंकन मेडोज त्यांच्यासोबत आले आणि जोडीचं त्रिकूट झालं.

म्हणजे ‘वेटलेस’ येण्याआधी या समूहाकडे आठेक वर्षांचं काम आणि अनेक अल्बम होते. गिटार, पियानो, सिंथेसायझर आणि दुरून आल्यासारखे वाटणारे शहरी आवाज यांची ती सरमिसळ होती. त्यात शांतता आहे, तशी उदासी आणि थोडी अस्वस्थताही आहे. रात्री रिकाम्या रस्त्यावरून एकट्याने गाडी चालवताना जे वाटतं, त्याच्या जवळ जाणारं हे संगीत. झोपेचं औषध म्हणून ते केलेलं नव्हतं.

‘अँबियंट’ संगीत म्हणजे नेमकं काय?

अँबियंट म्हणजे सभोवतालचं. ज्यात ठळक चाल, ठेका किंवा गायन पुढे येत नाही आणि वातावरण तयार करण्यावर भर असतो, असं संगीत. मुळं बरीच जुनी आहेत. फ्रेंच संगीतकार एरिक साती याने १९१७ मध्येच ‘फर्निचर म्युझिक’ची कल्पना मांडली होती. खोलीत खुर्ची असते तसं संगीतही असावं, मुद्दाम बसून ऐकण्याची गरज नसावी, असा तो विचार.

याच कल्पनेचा धंदा अमेरिकेत झाला. १९३४ मध्ये ‘म्युझॅक’ ही कंपनी उभी राहिली आणि कचेऱ्या, कारखाने, दुकानं, लिफ्ट यांमध्ये तारेतून संगीत पुरवू लागली. कामगारांचा कामाचा वेग टिकून राहावा म्हणून पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे करून, हळूहळू चढत जाणारं संगीत वाजवण्याची पद्धत तिने काढली. संगीत कुणासाठी होतं? ऐकणाऱ्यापेक्षा मालकासाठी.

ब्रायन ईनोची गोष्ट याच्या उलट आहे. १९७५ मध्ये अपघातानंतर तो अंथरुणाला खिळून होता. भेटायला आलेल्या मैत्रिणीने वीणेसारख्या हार्प या वाद्याची रेकॉर्ड लावली आणि ती निघून गेली. आवाज फारच बारीक होता आणि ईनोला उठून तो वाढवता येईना. बाहेर पाऊस पडत होता. पावसाच्या आवाजात मधूनच ऐकू येणारे सूर, हेही संगीत ऐकण्याचा एक प्रकार असू शकतो, हे त्याला तेव्हा उमगलं. त्याच वर्षी ‘डिस्क्रीट म्युझिक’ आणि १९७८ मध्ये ‘अँबियंट १ : म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ हे अल्बम आले आणि या प्रकाराला नाव मिळालं.

ईनोची अट सोपी होती. हे संगीत दुर्लक्ष करता येईल असं असावं, पण लक्ष दिलं तर ते रंजकही वाटलं पाहिजे. पुढे जे घडलं ते या अटीच्या दुसऱ्या अर्ध्या भागाचा विसर पडल्यामुळे.

‘वेटलेस’ कसं तयार झालं?

२०११ मध्ये ‘रॅडॉक्स’ या अंघोळीची उत्पादनं विकणाऱ्या ब्रिटिश ब्रँडच्या प्रचारमोहिमेसाठी हे गाणं करून घेण्यात आलं. मार्कोनी युनियनने त्यासाठी ‘ब्रिटिश अकॅडमी ऑफ साउंड थेरपी’च्या संस्थापक लिझ कूपर यांच्यासोबत काम केलं. ऐकणारा शिथिल व्हावा, या एकाच हेतूने प्रत्येक सूर ठरवायचा होता.

गाणं ८ मिनिटं १० सेकंदांचं आहे. त्याची लय मिनिटाला ६० ठोक्यांपासून सुरू होते आणि हळूहळू ५० पर्यंत खाली येते. लय इतक्या सावकाश उतरते की ते जाणवतही नाही. पुन्हा पुन्हा येणारी ओळखीची चाल मुद्दाम टाळली आहे. कारण सोपं आहे. चाल ओळखीची झाली की पुढे काय येणार याचा अंदाज मेंदू बांधू लागतो, म्हणजे तो कामाला लागतो. इथे घंटेसारखे सूर अधूनमधून, कुठलाही साचा न पाळता येतात. त्यांच्याखाली मंत्रोच्चारासारखी खोल, घुमणारी आस चालू राहते.

यामागे ‘एन्ट्रेनमेंट’ हे तत्त्व असल्याचं सांगितलं गेलं. बाहेरच्या लयीशी शरीराची लय जुळत जाणं, असा त्याचा अर्थ. मूल मांडीवर थोपटताना आई हळूहळू थोपटण्याचा वेग कमी करते आणि मुलाचा श्वास संथ होतो, हे प्रत्येक घरात दिसतं. ‘वेटलेस’ची कल्पना त्याहून फार वेगळी नाही. ही जुळणी व्हायला सुमारे पाच मिनिटं लागतात, म्हणून गाणं आठ मिनिटांचं, असं त्याचं गणित मांडलं गेलं.

‘टाइम’ या अमेरिकी साप्ताहिकाने २०११ च्या सर्वोत्तम ५० शोधांच्या यादीत या गाण्याला स्थान दिलं. एखादं गाणं संगीताच्या यादीत न जाता शोधांच्या यादीत जातं, ही गोष्ट तेव्हा कौतुकाची वाटली. मागे वळून पाहताना ती सूचकही वाटते.

६५ टक्क्यांचा दावा कुठून आला?

गाण्याची चाचणी ‘माइंडलॅब इंटरनॅशनल’ या ब्रिटिश संस्थेने केली. सहभागींना वेळ लावून अवघड कोडी सोडवायला दिली, त्यातून ताण निर्माण केला आणि मग वेगवेगळी गाणी ऐकवून नाडीचे ठोके, रक्तदाब, श्वासाची गती मोजली. त्यावेळी आलेल्या बातम्यांनुसार या चाचणीत ४० महिला होत्या. एन्या, मोझार्ट, कोल्डप्ले, अडेल यांच्या रचनांपेक्षा ‘वेटलेस’ने जास्त शिथिलता आणली, असा निष्कर्ष निघाला. एकूण चिंतेत ६५ टक्के घट हा आकडा इथूनच आला. गाडी चालवताना हे गाणं ऐकू नका, असा सल्लाही सोबत देण्यात आला, त्यामुळे बातमी आणखी पसरली.

पाचेक वर्षांनी हाच दावा इंटरनेटवर पुन्हा व्हायरल झाला. यावेळी मात्र ४० जणी, कोडी आणि साबणाची जाहिरात हे सगळं गळून पडलं होतं. उरलं एकच वाक्य : विज्ञानाने सिद्ध केलेलं, चिंता ६५ टक्क्यांनी कमी करणारं गाणं.

या दाव्याकडे पाहताना तीन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. एक, चाचणी एका उत्पादनाच्या प्रचारमोहिमेचा भाग होती आणि तिचे निष्कर्ष शोधनिबंधातून न येता प्रसिद्धीच्या मार्गाने लोकांपर्यंत पोहोचले. दोन, ४० हा आकडा फार लहान आहे. तीन, कोड्यामुळे दहा मिनिटांपुरता आलेला ताण आणि महिनोन्‌महिने झोप उडवणारी चिंता या एकच गोष्टी नव्हेत. पहिल्यावर जे लागू पडतं, ते दुसऱ्यावर पडेलच असं नाही.

मग संगीताने खरंच फरक पडतो का?

पडतो. पण किती आणि कशात, हे नीट पाहिलं पाहिजे.

‘वेटलेस’चीच एक काटेकोर चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या डॉक्टरांनी १५७ प्रौढ रुग्णांवर ती केली. शस्त्रक्रियेआधी शरीराचा एखादा भाग बधिर करण्यासाठी नसेजवळ इंजेक्शन देतात. त्यावेळी रुग्ण घाबरलेला असतो, म्हणून ‘मिडॅझोलॅम’ हे गुंगीचं औषध देण्याची पद्धत आहे. चाचणीत एका गटाला हे औषध दिलं, दुसऱ्या गटाला हेडफोनवर ‘वेटलेस’ ऐकवलं. कुणाला काय द्यायचं हे चिठ्ठी टाकावी तसं ठरवलं होतं. दोन्ही गटांमध्ये चिंता कमी होण्याचं प्रमाण सारखंच निघालं.

हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे, कारण गुंगीच्या औषधाचे दुष्परिणाम असतात आणि संगीताचे तसे नसतात. मात्र याच अभ्यासाची दुसरी बाजू बातम्यांमध्ये मागे पडली. औषध घेतलेले रुग्ण संगीत ऐकलेल्यांपेक्षा जास्त समाधानी होते. गाणं स्वतः निवडू न देणं हे त्यामागचं एक कारण असू शकतं, असं संशोधकांनी म्हटलं. शिवाय बाहेरचा आवाज अडवणाऱ्या हेडफोनमुळे डॉक्टर आणि रुग्ण, दोघांनाही एकमेकांशी बोलणं अवघड गेलं.

त्याआधी २००६ मध्ये लुचानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २४ जणांवर केलेला अभ्यास ‘हार्ट’ या वैद्यकीय पत्रिकेत आला होता. त्यात पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतापासून रॅप आणि टेक्नोपर्यंत सहा प्रकार होते आणि त्यात एक संथ लयीतला भारतीय रागही होता. संगीताच्या प्रकारापेक्षा त्याची लय शरीरावर जास्त परिणाम करते, असं त्यात दिसलं. सर्वांत गंमतशीर निष्कर्ष वेगळाच होता. गाण्यांच्या मध्ये दोन मिनिटांची शांतता ठेवली, तेव्हा नाडी आणि रक्तदाब सुरुवातीच्या पातळीपेक्षाही खाली गेले. म्हणजे सर्वांत शिथिल करणारी गोष्ट संगीत थांबल्यावर मिळाली.

झोपेबद्दल म्हणाल तर वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेने २०२२ मध्ये १३ अभ्यास आणि १००७ सहभागी यांचा एकत्रित विचार केला. निद्रानाशाची लक्षणं असलेल्या प्रौढांनी रोज संगीत ऐकलं, तर आपली झोप सुधारली असं त्यांना स्वतःला वाटतं, याला बऱ्यापैकी आधार सापडला. निद्रानाशाची तीव्रता कमी होते का, याचं मात्र स्पष्ट उत्तर मिळालं नाही.

थोडक्यात, संथ आणि शांत संगीत मदत करतं. ते एकाच गाण्याने होतं असं नाही. ४३२ हर्ट्झ, ५२८ हर्ट्झ अशा ‘चमत्कारी’ कंपनसंख्यांचे यूट्यूबवरचे दावे तर याहून कितीतरी कच्चे आहेत. आणि झोप आठवड्यामागून आठवडे उडालेली असेल, तर गाणं बदलण्याआधी डॉक्टर गाठलेला बरा.

एका गाण्याने कारकीर्दीचं काय केलं?

‘वेटलेस’ नंतर अनेक भागांच्या अल्बममध्ये विस्तारलं. यूट्यूबवर त्याची दहा तासांची आवृत्ती आली, म्हणजे रात्रभर फोनला हात लावायला नको. गाणं शाळांपासून रुग्णालयांपर्यंत पोहोचलं. फार कमी संगीतकारांच्या वाट्याला असा प्रसार येतो.

दरम्यान समूहाचं काम थांबलं नव्हतं. ‘डिफरंट कलर्स’ २०१२ मध्ये, ‘घोस्ट स्टेशन्स’ २०१६ मध्ये, ‘डेड एअर’ २०१९ मध्ये आणि ‘सिग्नल्स’ २०२१ मध्ये आला. यातल्या अनेक रचना ऐकताना झोप येण्याऐवजी माणूस सावध होऊन बसेल. पण बाहेरच्या जगासाठी मार्कोनी युनियन म्हणजे ‘ते झोपेचं गाणं करणारे’ हेच समीकरण राहिलं.

एखाद्या कलाकाराची ओळख एका कृतीत अडकणं नवीन नाही. एका भूमिकेत अडकलेले नट आपल्याकडेही खूप आहेत. इथला पेच मात्र त्याहून पुढचा आहे. एखाद्या नटाची एकच भूमिका लोकांना आठवत असली तरी ती भूमिका लोक डोळे उघडे ठेवून पाहतात. ‘वेटलेस’चा कस कशात, तर ऐकणाऱ्याने ते शेवटपर्यंत ऐकूच नये यात. आठव्या मिनिटाला श्रोता जागा असेल तर गाणं फसलं. असा श्रोता उठून दुसरा अल्बम शोधत नाही, मैफलीचं तिकीट काढत नाही. सकाळी त्याला संगीतकाराचं नावही आठवत नाही.

झोपलेल्या श्रोत्याचे पैसे कसे मोजतात?

स्पॉटिफायसारख्या सेवांवर एखादी रचना ३० सेकंद वाजली की तिचं एक ‘स्ट्रीम’ मोजलं जातं. ती रचना ३५ सेकंदांची असो वा आठ मिनिटांची, स्ट्रीम एकच. जमा झालेल्या महसुलातला साधारण दोन तृतीयांश वाटा हक्कधारकांकडे जातो आणि एकूण स्ट्रीममध्ये ज्याचा जितका हिस्सा, तितकी रक्कम त्याला मिळते.

या हिशेबाचा परिणाम सरळ आहे. रात्री आठ तास संगीत लावून झोपणारा माणूस दिवसभरात मन लावून चार गाणी ऐकणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त स्ट्रीम तयार करतो. त्या आठ तासांत आठ-आठ मिनिटांच्या रचना वाजल्या तर साठ स्ट्रीम होतात. दोन-दोन मिनिटांचे तुकडे वाजले तर दोनशे चाळीस. श्रोता दोन्हीकडे तितकाच गाढ झोपलेला असतो. म्हणजे लय सावकाश उतरावी म्हणून आठ मिनिटं घेणाऱ्या संगीतकाराला या व्यवस्थेत तोटाच होतो. छोटे तुकडे, निव्वळ पावसाचा किंवा पंख्याचा आवाज आणि त्यांचे शेकडो अल्बम यांचा सुळसुळाट झाला तो यामुळेच.

याचा त्रास मोठ्या कंपन्यांनाही होऊ लागला, कारण पावसाच्या आवाजाला जाणारा पैसा त्यांच्या गायकांच्या वाट्यातून जात होता. २०२३ मध्ये युनिव्हर्सल म्युझिक आणि फ्रान्सची डीझर यांनी नवी वाटप पद्धत जाहीर केली आणि निव्वळ आवाजांच्या ध्वनिफिती मानधनाच्या हिशेबातून बाहेर काढल्या. त्याच वर्षअखेरीस स्पॉटिफायनेही नियम बदलले. पाऊस, पंखा, लाटा असे आवाज किमान दोन मिनिटांचे हवेत आणि त्यांच्या स्ट्रीमला संगीताच्या तुलनेत थोडाच मोबदला मिळेल, असं ठरलं. वर्षभरात एक हजारापेक्षा कमी वेळा वाजलेल्या रचनेला मानधन मिळणार नाही, हा नियमही २०२४ पासून आला. लहान, नवख्या अँबियंट कलाकारांना या शेवटच्या नियमाची झळ बसते, कारण त्यांचे श्रोते मुळातच मोजके असतात.

नाव आहे, पण माणूस कुठे आहे?

श्रोता नाव वाचत नाही हे एकदा लक्षात आलं, की पुढचा प्रश्न धंदेवाल्याला पडतोच : मग नाव असलेला कलाकार हवाच कशाला?

‘दागेन्स न्यूहेटर’ या स्वीडिश दैनिकाने मार्च २०२४ मध्ये एक शोधवृत्त दिलं. योहान रोर या एकाच स्वीडिश संगीतकाराच्या २७०० हून अधिक रचना ६५० पेक्षा जास्त वेगवेगळ्या नावांनी स्पॉटिफायवर होत्या आणि त्या तोवर सुमारे १५०० कोटी वेळा वाजल्या होत्या. जगप्रसिद्ध गायकांनाही मागे टाकणारा हा आकडा. तरीही त्यांचं खरं नाव श्रोत्यांना ठाऊक नव्हतं. त्यांचं संगीत शांत पियानो आणि अँबियंटच्या लोकप्रिय प्लेलिस्टमध्ये होतं.

त्यानंतर अमेरिकी पत्रकार लिझ पेली यांनी २०२५ च्या सुरुवातीला आलेल्या ‘मूड मशीन’ या पुस्तकात आणखी एक दुवा उलगडला. स्पॉटिफायमध्ये ‘परफेक्ट फिट कंटेंट’ नावाची योजना होती, असं त्यांनी लिहिलं. काही ठरावीक कंपन्यांकडून कमी मानधनाच्या अटींवर संगीत घ्यायचं आणि अँबियंट, लो-फाय, जाझ, ‘चिल’ अशा प्लेलिस्टमध्ये ते भरायचं, असं तिचं स्वरूप. आपण खोटे कलाकार तयार केलेले नाहीत, अशी भूमिका स्पॉटिफायने २०१७ मध्येच घेतली होती.

यात बेकायदा काही आहे का? टोपणनाव घेणं गुन्हा नाही आणि मागणीप्रमाणे संगीत करून देणारेही कलावंतच असतात. ‘वेटलेस’ही मागणीवरूनच बनलं होतं. फरक जबाबदारीचा आणि मोबदल्याचा आहे. ‘वेटलेस’वर मार्कोनी युनियन हे नाव आहे. ते शोधलं तर २००३ पासूनचं काम सापडतं. सहाशे नावांपैकी एखादं शोधलं तर काहीच सापडत नाही. प्लेलिस्टमधली एक जागा अशा नावाकडे गेली, की ती वर्षानुवर्षं या प्रकारात काम करणाऱ्या कुणाची तरी गेलेली असते.

एआयने काय बदललं?

आता तर टोपणनावामागच्या माणसाचीही गरज उरलेली नाही. डीझरने दिलेल्या माहितीनुसार एप्रिल २०२५ मध्ये त्यांच्याकडे रोज येणाऱ्या नव्या रचनांपैकी १८ टक्के पूर्णपणे एआयने बनवलेल्या होत्या, दिवसाला सुमारे २० हजार. नोव्हेंबरपर्यंत हे प्रमाण ३४ टक्क्यांवर, म्हणजे दिवसाला ५० हजारांवर गेलं. स्पॉटिफायने सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितलं की वर्षभरात साडेसात कोटी बनावट किंवा कचरा रचना काढून टाकल्या आहेत. त्याच उन्हाळ्यात ‘द वेल्वेट सनडाउन’ नावाच्या बँडने महिन्याला दहा लाखांहून जास्त श्रोते मिळवले आणि नंतर तो बँड एआयचा निघाला.

अँबियंट या लाटेत सर्वांत आधी सापडतं, याचं कारण उघड आहे. गायकाचा गळा, शब्दांतला अर्थ, ठेक्यातली सफाई अशा माणूस ओळखायच्या खुणा इथे मुळातच कमी असतात. अल्गोरिदमने शांत आवाज तयार करणाऱ्या ‘एंडेल’ या अॅपशी वॉर्नर म्युझिकने २०१९ मध्येच करार केला होता आणि २०२३ मध्ये युनिव्हर्सलही त्याच वाटेने गेली. मोठ्या कंपन्या एका हाताने पावसाच्या आवाजांवर बंधनं आणत होत्या आणि दुसऱ्या हाताने हाच बाजार स्वतःकडे वळवत होत्या.

विचित्र बाब म्हणजे ‘वेटलेस’ची कृती यंत्राला सांगायला सोपी आहे. ६० वरून ५० वर येणारी लय, चाल नाही, घंटेचे विखुरलेले सूर, खाली खोल आस. २०११ मध्ये हे सूत्र प्रसिद्धीसाठी जगाला सांगितलं गेलं. आज कुणीही ते चार ओळींत टाइप करून तसंच काहीतरी मिनिटभरात मिळवू शकतं.

मग माणसाने केलेल्या अँबियंटचं काय?

या प्रश्नाचं उत्तर संगीतकारांपेक्षा श्रोत्यांच्या हातात जास्त आहे. हवा फक्त झोप येण्यापुरता आवाज असेल, तर तो पंखा, पाऊस, माणूस किंवा यंत्र कुणीही देऊ शकतं आणि त्यात श्रोत्याचं काही चुकतही नाही. पण २०१९ च्या त्या चाचणीतले रुग्ण एक गोष्ट सांगून गेले होते. चिंता कमी होऊनही ते तितके समाधानी नव्हते. परिणाम मोजता येतो, पण आपण काय ऐकतो आहोत हे आपण ठरवणं याचीही माणसाला गरज असते.

माणसांनी केलेलं संगीत टिकवायचं तर नावं दिसली पाहिजेत. रचना एआयची असेल तर तसं लिहिलेलं असावं, ही मागणी आता जोर धरते आहे आणि डीझरने अशा खुणा लावायला सुरुवातही केली आहे. प्लेलिस्टमध्ये कुणाला कोणत्या अटींवर जागा मिळते, हे उघड झालं तर लहान कलाकारांना निदान लढायला जमीन मिळेल. श्रोत्याला तर याहून सोपं काम करता येतं. प्लेलिस्ट आपोआप चालू देण्याऐवजी एखाद्या कलाकाराचा अल्बम नावाने शोधून लावणं.

मार्कोनी युनियनने आपलं काम चोख केलं. त्यांनी झोपवायला सांगितलेलं गाणं खरंच झोपवतं. फक्त त्या गाण्यापलीकडे त्यांचे दहाएक अल्बम आहेत आणि ते दिवसा, जागेपणी ऐकायचे आहेत.